छोट्या रेल्वेतली खाणवस्ती

पुण्याचे जोशी लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून मुलांना खिळवून ठेवते आहे. गाड्या, सिग्नल, इमारती, सारे १:८७ या प्रमाणात! मात्र हाच छंद घेऊन दांडीच्या एखाद्या शाळेने चंद्रपूरकडची जुनी कोळसा-खाणवस्ती उभारायची ठरवली, तर आम्ही थोडे थांबायला सांगू.

पहिली अडचण रुळांची. या प्रमाणाचे बाजारी रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे, म्हणजे युरोपातील १४३५ मिलिमीटरच्या मार्गाचे. बोईसरला दिसणारा आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला सुमारे १९.३ हवेत. (प्रत्यक्ष रुळांवर जाऊन मोजू नये!)

दुसरी अडचण मोठी. विकतच्या संचातील खाणीच्या इमारती सुबक असतात, पण कामाच्या वाटत नाहीत. खाणीच्या तोंडावरचा मनोरा उंच का? दोर चाकावरून खोल विवरात सोडायचा असतो आणि वर आलेल्या पिंजऱ्याला जागा लागते. कोळशाची कोठी वाघिणीच्या वर का? कोळसा आपल्याच वजनाने खाली पडावा म्हणून. दांडीच्या मुलांना हे नवे नाही. बोंबील टांगायचे मांडवही वारा खेळावा म्हणूनच उंच असतात. नुसत्या सजावटीत हे कारण हरवते.

सहा मीटर उंचीची कोठी नमुन्यात जेमतेम सात सेंटिमीटर भरते. तिच्याखाली वाघीण शिरते का, हे पुठ्ठा कापण्यापूर्वी पाहावे. रंगकाम त्यानंतर.