‘कोबाल्ट ब्लू’मधील ‘तू’

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत भाऊ व बहीण घरी राहावयास आलेल्या एकाच निनावी तरुणावर प्रेम करतात. भावाचे, म्हणजे तनयचे, निवेदन निघून गेलेल्या त्या ‘तू’ला उद्देशून आहे. मराठीत ‘मी आलो’, ‘तू आलास’ म्हणताच दोघांचेही पुल्लिंग उघड होते. जेरी पिंटो यांच्या इंग्रजी अनुवादात (२०१३) क्रियापदाकडून हे साहाय्य मिळत नाही. तेथे लिंग संदर्भावरूनच ओळखावे लागते. असे प्रेम आपल्याकडे परके आहे, हा आक्षेप मग कसा टिकावा? सिरसाळ्याच्या वाचकालाही ते समजण्यास नवी परिभाषा लागत नाही. रोजचे प्रत्यय पुरतात. आपल्या व्याकरणात या प्रेमाला जागा पूर्वीपासूनच होती. आपल्या कादंबरीने ती उशिरा दिली.