शुष्क वनस्पतिसंग्रहाचे अंकीकरण आणि मराठवाड्याची रिकामी जागा

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०२२ मध्ये ‘इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम’ सुरू केले आणि वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने प्रतिमारूपाने दूरच्या अभ्यासकांसाठी खुले करण्याचा मार्ग प्रशस्त झाला. हे कार्य मोलाचेच आहे; तथापि मूळ संग्रहातील उणीव प्रतिमेने भरून निघत नाही.

थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळातील वनस्पतिग्रंथ मुंबई इलाख्यापुरता होता. बीड जिल्हा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने पाटोद्याचा बालाघाट त्यात आला नाही. व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्यावरील द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९९८ मध्ये. वनस्पतींना राज्यसीमा नसतात. त्यांच्या नोंदींना मात्र असतात.

त्यामुळे पडद्यावर एखाद्या वनस्पतीपुढे ‘पाटोदा’ आढळले नाही, तर ती तेथे नव्हतीच असा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय ठरते. तेथील नमुना त्या संग्रहात दिसत नाही, एवढेच त्यातून कळते. शिवाय नमुन्यावरील चिठ्ठीतील गाव, तारीख व संग्राहकाचे नाव अचूक उतरवले नाही, तर प्रतिमा केवळ चित्र उरते.

सौताड्याच्या दरीतील वनस्पतींचे नमुने स्थानिक नावांसह जमा करणे हे म्हणूनच अंकीकरणापूर्वीचे कार्य होय. परिसरातील महाविद्यालयांनी ते स्वीकारल्याखेरीज ही रिकामी जागा भरणार नाही.