चावी आणि खिळ्यांची माळ

मार्जान सत्रापी यांच्या ‘पर्सेपोलिस’ या चित्ररूप आत्मकथनाची चर्चा बहुधा हिजाबापाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. पुस्तकाचा आरंभच १९८० मधल्या शाळेतील हिजाबसक्तीने होत असल्याने हे स्वाभाविकही आहे. २००० ते २००३ या काळात मूळ फ्रेंचमध्ये चार खंडांत आलेल्या या कृतीत इराणची क्रांती आणि इराकशी झालेले युद्ध तेहरानमधल्या एका मुलीच्या नजरेतून दिसते. मला मात्र तिचे मर्म दुसऱ्याच प्रश्नात सापडते. सुखवस्तू, डाव्या विचारांच्या घरातल्या मुलीचे बालपण साऱ्या देशाची साक्ष कसे ठरावे?

सत्रापींनी हा प्रश्न टाळलेला नाही. घरातली मोलकरीण मेहरी शेजारच्या मुलाच्या प्रेमात पडते; ती मोलकरीण आहे हे कळताच तो पाठ फिरवतो. समता मानणारे वडीलच मग लेकीला वर्गभेद समजावून सांगतात.

पुढे युद्धकाळात दुसऱ्या मोलकरणीच्या मुलाला शाळेत सोनेरी रंगाची प्लास्टिकची चावी मिळते. रणात मरण आले तर तिने म्हणे स्वर्गाचे दार उघडेल. या प्रकरणाच्या अखेरीस एकाच पानावर, वरच्या चौकटीत सुरुंगांच्या स्फोटात उडालेली मुले दिसतात. गळ्यात चाव्या आहेत, चेहरे नाहीत. नुसत्या काळ्या आकृत्या. खाली मार्जीची पहिली पार्टी. तिथल्या मुलांचे हातपायही तसेच हवेत, तिच्या अंगात भोकांचा स्वेटर आणि गळ्यात साखळ्या-खिळ्यांची माळ. या दोन चौकटी एकीखाली एक ठेवणे, एवढेच सत्रापींचे भाष्य.

याच्याशी शेजारच्या नेदाचा मृत्यू ताडून पाहावा. क्षेपणास्त्राने घर कोसळते, ढिगाऱ्यात तिचे ब्रेसलेट दिसते आणि पुढे एक चौकट पूर्ण काळी होते. नेदाला नाव आहे, सुरुंगांवरच्या मुलांना नाही. कुणी याला लेखिकेची मर्यादा म्हणेल. मला यात सचोटी दिसते. ज्यांना मार्जी ओळखत नव्हती त्यांचे चेहरे सत्रापींनी कल्पनेने रचले नाहीत, आणि त्या अंतराची बोच स्वतःच्या नाचाच्या चित्रात राहू दिली.

१९८४ मध्ये चौदा वर्षांच्या मार्जीला आईवडील व्हिएन्नाला पाठवू शकले. चावी मिळालेल्या मुलांना ती वाट नव्हती. हे अंतर झाकले नाही, म्हणूनच या साक्षीवर माझा विश्वास बसतो.