'शरीअत' ह्या शब्दाच्या मराठी प्रतिशब्दाविषयी

आपल्या ख्रिस्ती लेखनात 'शरीअत' म्हणजे 'मुसलमानी कायदा' असे सरळ लिहिले जाते, आणि लागलीच नियमशास्त्र विरुद्ध कृपा हा ओळखीचा विरोध मांडला जातो. हा प्रतिशब्द आम्हांस सदोष वाटतो.

'शरीअत' हे नाम कुराणात एकदाच येते (४५:१८). तेथे त्याचा अर्थ नेमून दिलेला मार्ग असा आहे. कलमांची संहिता असा नव्हे. कायद्याचा तपशील ज्यास म्हणावा तो 'फिक्ह', म्हणजे आकलन. अबू हनीफा (मृत्यू ७६७), मालिक (७९५), शाफिई (८२०) व इब्न हंबल (८५५) यांच्या नावे चालणाऱ्या परंपरांतील विद्वानांनी केलेला हा अर्थनिर्णय होय. तो मानवी असल्याने त्यात मतभेद संभवतात, हे त्या विद्वानांनाही मान्य आहे. आपल्या देशात 'कायदा' ही समजूत दृढ झाली ती पुष्कळशी इंग्रजी अमदानीत. 'हिदाया' ह्या हनफी ग्रंथाचे हॅमिल्टनकृत इंग्रजी भाषांतर १७९१ साली निघाले आणि न्यायालये ते संहितेप्रमाणे वापरू लागली. पुढे १९३७ चा शरीअत अधिनियम आला, तो विवाह, घटस्फोट, वारसा अशा बाबींपुरता. गोव्यात तर तो लागूही नाही. नमाज व रोजा हीही शरीअतच. अधिनियमात त्यांचा मागमूस नाही.

दुसरी चूक सहानुभूतीपोटी होते. 'पाणवठ्याकडे नेणारी वाट' असा मूळार्थ सांगून काही उपदेशक थेट जीवनाच्या पाण्यावर येतात. अरबी कोशांत पाणवठ्याचा अर्थ नोंदलेला आहे खरा. पण व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे जेम्स बार यांनी १९६१ मध्ये पवित्र शास्त्रातील शब्दांबाबतच दाखवून दिले. कोणी मुसलमान शरीअत पाळताना पाणवठा मनात आणीत नाही. प्रवचनाला दृष्टांत हवा असेल तर तो दृष्टांत म्हणून द्यावा, शब्दार्थ म्हणून नव्हे.

वस्तुतः ही अडचण आपल्या घरचीच आहे. 'तोरा' म्हणजे शिकवण. ग्रीक भाषांतरकारांनी त्याचे 'नोमोस' केले, मराठीत ते 'नियमशास्त्र' झाले, आणि स्तोत्रकर्त्याला त्यात एवढा आनंद का वाटावा हे वाचकास उमगेनासे झाले. उलट अरबी भाषिक ख्रिस्ती लोक देवाच्या नियमशास्त्राला 'शरीअतुल्लाह' असेही म्हणतात. तो शब्द केवळ इस्लामचा नाही.

म्हणून धर्मशिक्षणाच्या वर्गात 'शरीअत' हा शब्द तसाच ठेवावा, 'देवाने नेमून दिलेला जीवनमार्ग' असे त्याचे स्पष्टीकरण द्यावे, आणि 'कायदा' हा शब्द फिक्ह व अधिनियम यांच्यासाठी राखून ठेवावा, असे आम्ही सुचवितो.