गहुंजे : पडद्यामागचा पडदा

क्रीडासंघाच्या हंगामाचे आतून चित्रण करणारी माहितीपट-मालिका हा आता स्वतंत्र प्रकार मानावा लागतो. २००१ साली एचबीओच्या ‘हार्ड नॉक्स’ने अमेरिकन फुटबॉल संघाच्या सराव शिबिरात कॅमेरा नेला. बेसबॉलमधले त्याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे बोस्टन रेड सॉक्सच्या २०२४च्या हंगामावरची नेटफ्लिक्सची ‘द क्लबहाऊस’. आपल्याकडे मार्च २०१९मध्ये अशा दोन मालिका एकापाठोपाठ आल्या : नेटफ्लिक्सची आठ भागांची ‘क्रिकेट फीव्हर : मुंबई इंडियन्स’ आणि हॉटस्टारची चेन्नई सुपर किंग्जवरील ‘रोअर ऑफ द लायन’. दोन्हींचा विषय २०१८ची आयपीएल. मी त्या मावळकर म्हणून पाहिल्या. कारण त्या हंगामाचे एक महत्त्वाचे ठाणे आमच्या तालुक्यातले गहुंजे होते.

या प्रकाराचे आश्वासन एकच असते : पडद्यामागचे दाखवू. पण पडदा कुठे टांगायचा हे आत येण्याची परवानगी देणारा ठरवतो. ‘रोअर ऑफ द लायन’च्या निर्मात्यांत कर्णधार धोनीचीच कंपनी आहे. दोन वर्षांच्या निलंबनानंतर परतलेला संघ, २०१३च्या प्रकरणाचा डाग, आणि शेवटी २७ मे रोजी वानखेडेवर मिळालेले विजेतेपद : वनवास आणि राज्याभिषेकाचा हा आराखडा पक्का आहे. धोनी त्या डागाविषयी बोलतो, हे मालिकेचे बळ. मात्र कथा सांगणारा आणि कथेचा नायक एकच असला की प्रश्न विचारायला कुणी उरत नाही.

‘क्रिकेट फीव्हर’ला असा शेवट लाभला नाही. मुंबई पाचव्या स्थानावर राहिली. म्हणूनच ती मला अधिक खरी वाटते. हरणाऱ्या संघाकडे लपवायला कमी उरते. रेड सॉक्सनेही त्या वर्षी ८१ सामने जिंकले आणि ८१ गमावले. त्या मालिकेत जॅरन ड्युरॅन आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल बोलतो, तेव्हा विजयाच्या आराखड्यात न मावणारे काहीतरी हाती लागते.

आता गहुंजे. १० एप्रिल २०१८ रोजी चेपॉकवर कावेरी आंदोलकांनी मैदानात बूट फेकले. चेन्नईचे उरलेले सहा घरचे सामने गहुंजेत आले. चाहत्यांसाठी चेन्नईहून पुण्याला खास रेल्वेगाडी सुटली. सहापैकी पाच सामने चेन्नईने जिंकले. २८ एप्रिलला मुंबईने आठ गडी राखून हरवले. म्हणजे दोन्ही मालिकांचे नायक त्या रात्री एकाच मैदानावर समोरासमोर होते. चेन्नईच्या कथेत हे गाव म्हणजे परमुलखातला मुक्काम.

पण पाण्यामुळे आलेला संघ ज्या गावात उतरला, त्या गावालाही पाण्याचा इतिहास आहे. २०१६च्या दुष्काळात उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्यास सांगितले. त्या वेळी गहुंजे सोडून विशाखापट्टणमला गेलेल्या पुण्याच्या संघाचा कर्णधार धोनीच होता. ज्या मैदानातून पाण्यामुळे निघावे लागले, तिथेच दोन वर्षांनी तो पाण्यामुळेच परत आला. आणि त्याच एप्रिल २०१८मध्ये न्यायालयाने गहुंजेच्या मैदानासाठी पवनेचे पाणी वापरायला मनाई केली.

त्याच्याही मागे ९ ऑगस्ट २०११ आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला जाणाऱ्या बंद जलवाहिनीला विरोध करणारे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले, त्यांत एक स्त्री होती. लोणावळ्याहून पुण्याकडे निघालात, तर त्याच रस्त्यावर आधी बऊर लागते, मग गहुंजे. आमच्याकडे कोणी पवनेचे नाव काढले की आजही आवाज बदलतो.

क्रिकेटच्या मालिकेने हे सगळे का सांगावे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. खेळाडूच्या दुखावलेल्या स्नायूची गोष्ट सांगणाऱ्याने धरणाचा हिशेब मांडावा, असा आग्रह मी धरणार नाही. पण चेन्नईच्या कथेला वळणच कावेरीच्या पाण्याने मिळते. एका नदीचा राग कथानकाला गती देतो, तर दुसऱ्या नदीकाठी मुक्काम केल्यावर तिचे नाव विचारणे अप्रस्तुत ठरत नाही. आंदोलन हे केवळ संघाच्या वाटेतले संकट म्हणून आले, की आंदोलक माणसे उरत नाहीत. ती हवामानासारखी होतात, पाऊस आला म्हणून सामना हलवावा तशी.

या प्रकाराची खरी मर्यादा मला इथे दिसते. ड्रेसिंग रूमचे दार उघडले, हे थोडे नाही. पण प्रेक्षकाला वाटते, आता सगळे दिसले. मैदान हिरवे कशाने राहते, हा प्रश्न त्या दाराच्या आत सुचत नाही. तो सीमारेषेच्या बाहेर, पवनेच्या काठावरच्या शेतकऱ्याला सुचतो; आणि त्याच्या हंगामावर अजून कुणी मालिका केलेली नाही.