लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त मागून

परदेशी काही महिने राहून आलेल्या मनुष्याने प्रवासवर्णन लिहावे, ही आपल्या वाङ्मयातील जुनी चाल आहे. अलीकडे तीत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे वा मुलीकडे विमानाने जावयाचे, सहा महिने राहावयाचे आणि परतल्यावर त्या मुक्कामाचे पुस्तक छापावयाचे, हा क्रम सुशिक्षित घरांतून इतका रूढ झाला आहे की, अशा पुस्तकांचा एक स्वतंत्र वर्ग मानावयास हरकत नाही. माझ्या थोरल्या बहिणीने असेच एक हस्तलिखित प्रस्तावनेसाठी मजकडे धाडले, तेव्हा या वर्गाच्या गुणदोषांचा विचार करणे मला प्राप्त झाले.

हस्तलिखिताची पाने दोनशे. पैकी पहिली तीस विमानतळ, सामानाचे वजन, कमरेचा पट्टा आणि खिडकीतून दिसलेले ढग यांत खर्ची पडली आहेत. पुढे नायगरा, वॉशिंग्टन, भव्य दुकाने, स्वच्छ रस्ते. भाषा प्रसन्न आहे, विनोदही निर्विष आहे. परंतु ही पाने दुसऱ्या एखाद्या पुस्तकातून काढून येथे घातली असती, तरी ते वाचकाच्या ध्यानात आले नसते.

या ठिकाणी पंडिता रमाबाईंच्या ग्रंथाचे स्मरण होते. रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या, जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या आणि १८८९ साली त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध केले. नावातील क्रम पाहण्याजोगा आहे. ज्या काळी ती वाट आगबोटीने तोडावी लागे, त्या काळीही या विदुषीने प्रवासाच्या हकिकतीस दुसरे स्थान दिले आणि राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, स्त्रियांची दशा हे विषय मुख्य मानले. आज विमान मुंबईहून न्यूयॉर्कला एका दिवसाच्या आत पोचते. प्रवास असा आखडला म्हणजे प्रवासवृत्तही आखडावे आणि मुक्कामास अधिक जागा मिळावी, हे न्याय्य होते. घडले ते उलटच.

याचे कारण लेखकांचा आळस नव्हे. आगबोटीने जाणारा मनुष्य वाटेतच हळूहळू परका होत असे. बंदरे मागे पडत, अन्न बदले, सोबती बदलत. विमानाने जाणारी आई लोणच्याच्या बरणीसह मुंबईत निघते, ती मुलाच्या स्वयंपाकघरातच उतरते. अमेरिका तिला भेटते ती शनिवारी-रविवारी, मोटारीच्या काचेतून. उरलेले पाच दिवस ती एका निराळ्याच लोकस्थितीत राहते. ती म्हणजे स्वतःच्या मुलाच्या घरी पाहुणी असण्याची. हीच तिला सर्वांहून अधिक ठाऊक असते आणि हीच पुस्तकात नसते.

अक्काच्या हस्तलिखितात ती एकदाच डोकावली आहे. एके ठिकाणी ती लिहिते की, सकाळी मुलगा व सून कामावर आणि नातू शाळेत गेला म्हणजे घर इतके शांत होई की, फडताळ उघडतानाही आपण कोणाच्या तरी परवानगीची वाट पाहत आहोत असे वाटे. पुढच्याच ओळीत ती रस्त्यांची स्तुती करू लागते. जिने चाळीस वर्षे स्वतःचा संसार हाकला, तिचे हे वाक्य आहे. दोनशे पानांत मी थबकलो तो येथेच.

मी तिला लिहिले, “अक्का, पुस्तकाचा आरंभ येथून कर.” उत्तर आले, “अरे, मुलाने तिकीट काढून नेले, सुनेने रजा घेऊन हिंडविले. हे छापले तर त्यांना काय वाटेल?”

ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. या वर्गातील कितीतरी पुस्तके तिनेच मुकी केली असावीत. परंतु येथेही दाखला रमाबाईंचाच आहे. अमेरिकेचे त्यांच्यावरील ऋण लहान नव्हते. बालविधवांसाठी योजिलेल्या त्यांच्या कार्यास साह्य करण्याकरिता १८८७ साली बॉस्टनमध्ये एक मंडळ स्थापन झाले होते. तरी त्याच देशात कृष्णवर्णीयांस व मूळ रहिवाशांस मिळणारी वागणूक त्यांनी झाकून ठेवली नाही. त्यांनी त्या देशाची स्तुतीही मोकळ्या मनाने केली आहे आणि दोष सांगितले असल्यामुळेच ती स्तुती खरी वाटते.

रमाबाईंचे यजमान एक राष्ट्र होते, अक्काचा यजमान पोटचा मुलगा आहे, हा भेद मला मान्य आहे. राष्ट्राविषयी लिहिण्यास धैर्य पुरते. मुलाविषयी लिहावयाचे तर हात फार हलका असावा लागतो. तथापि फडताळाच्या त्या वाक्यात मुलाची निंदा नाही. कोणाचाही अपराध नसताना एक बाई आपल्याच माणसांत परकी कशी होते, एवढेच त्यात आहे. असे घर रंगविणारे पुस्तक त्या मुलानेही वाचावे आणि येथे परतलेल्या प्रत्येक आईच्या शेजारणीनेही.

प्रस्तावना मी अद्याप लिहिलेली नाही. गेल्या आठवड्यात अक्काने हस्तलिखित परत मागविले; कशासाठी, ते तिने कळविले नाही.