दासगाव बंदर : एका लुप्त नदीबंदराचा इतिहास आणि इतिहासलेखनाची दृष्टी

प्रस्तावना

महाराष्ट्रातील बंदरांचा इतिहास बहुतांशी समुद्रतटावरील बंदरांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. सोपारा, चौल, दाभोळ, मुंबई ही नावे अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. मात्र खाडीतून आत शिरून भरतीच्या पाण्यावर नदीकाठच्या गावापर्यंत पोहोचणारी गलबते, आणि त्या गलबतांवर जगणारी लहान बंदरे, यांची स्वतंत्र दखल फारशी घेतली गेलेली नाही. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात सावित्री नदीकाठी वसलेले दासगाव हे असेच एक बंदर होय. गाव आजही आहे. मुंबईच्या बोटी जिथे लागत ते बंदर मात्र उरलेले नाही. हे बंदर आपल्या इतिहासलेखनात कोणत्या रूपाने आले आणि कोणत्या रूपाने यायला हवे होते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वडनेर भोलजीसारख्या, महामार्गावर वसलेल्या वऱ्हाडातील गावाला कोकणातील नदीबंदराशी काय कर्तव्य, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. वाहतुकीचा मार्ग बदलला की गावांचे भाग्य बदलते, हे महामार्गावरच्या गावांना वेगळे सांगावे लागत नाही. त्या मार्गावरून जाण्याची मुभा कोणाला आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. दासगावचा इतिहास तोच प्रश्न विचारतो.

वसाहतकालीन पार्श्वभूमी

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते व बाणकोट आणि हरिहरेश्वर यांच्या दरम्यान समुद्रास मिळते. तिच्या मुखावरील बाणकोटचा किल्ला १७५५ मध्ये आंग्र्यांकडून इंग्रजांच्या हाती आला आणि पुढील वर्षीच्या तहाने तो त्यांच्याकडे कायम झाला. त्यांनी त्यास फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. पेशवाईच्या अस्तानंतर दक्षिण कोकणचे जिल्हा ठाणे काही काळ येथेच होते. १८२२ मध्ये ते रत्नागिरीस हलविण्यात आले. या मुखापासून आत महाडपर्यंत जो जलमार्ग जात असे, त्यावर महाडच्या अलीकडे सुमारे पाच मैलांवर दासगाव लागते. घाटमाथ्याचा माल महाडला उतरे व तेथून जलमार्गाने मुंबईकडे जाई. दासगावचे महत्त्व या साखळीतील एक दुवा म्हणून होते.

वसाहतकाळाचा दुसरा परिणाम लष्करी सेवेतून झाला. मुंबई लष्करात कोकणातील महार समाजाची भरती मोठ्या प्रमाणावर होत असे. निवृत्तिवेतन घेऊन परतलेल्या सैनिकांमुळे महाड व दापोली परिसरात अक्षरओळख असलेला, अर्ज-विनंत्यांची भाषा जाणणारा एक वर्ग निर्माण झाला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्याचे ठळक उदाहरण होय. पुढे ही लष्करभरती बंद झाली, तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज लिहिणाऱ्यांत ते अग्रभागी होते. बंदर, लष्कर आणि शाळा या तिन्हींचा संयोग दासगावात झालेला दिसतो.

दोन प्रकारची साधने

दासगावविषयीची साधने स्थूलमानाने दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार गॅझेटियरचा. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुलाबा व जंजिरा खंडाची, एकूणच त्या मालिकेची, दृष्टी महसुली प्रशासनाची आहे. पाण्याची खोली, आयात-निर्यात, जकात आणि अंतरे यांच्या मापाने ती बंदर मोजते. ही माहिती मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु गाळ साचला, व्यापार घटला, की या दृष्टीच्या लेखी बंदराचा इतिहास संपतो. बंदरावर कोण उतरले, कोणाला उतरू दिले गेले, हा तिचा विषयच नाही.

दुसरा प्रकार आत्मकथनाचा. कॉम्रेड आर. बी. मोरे (१९०३-१९७२) यांच्या आठवणी, सत्येंद्र मोरे यांनी पूर्ण केलेल्या चरित्रासह, ‘दलित व कम्युनिस्ट चळवळीचा सशक्त दुवा’ या ग्रंथात २००३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. वंदना सोनाळकर यांनी त्यांचा इंग्रजी अनुवाद केला असून त्याचे संपादन अनुपमा राव यांनी केले आहे. मोरे यांचे प्राथमिक शिक्षण दासगावात झाले. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेचे दार त्यांना प्रथम बंद होते. लेखी तक्रारीनंतरच ते उघडले, आणि तेही वेगळे बसविण्याच्या अटीवर. दासगाव आणि महाड यांत केवळ पाच मैलांचे अंतर. परंतु एका गावी शिकलेला मुलगा दुसऱ्या गावी वर्गाबाहेरचा ठरतो. गॅझेटियरच्या अंतरकोष्टकात हे अंतर कधीच नोंदले जात नाही.

१९२७ : बंदराची निवड

महाडचा सत्याग्रह मराठी वाचकास सुपरिचित आहे. सी. के. बोले यांचा ठराव (१९२३), १९ व २० मार्च १९२७ ची परिषद, चवदार तळ्याचे पाणी आणि २५ डिसेंबरचे मनुस्मृतिदहन ही तिची सर्वज्ञात वळणे. यापूर्वी १९२६ च्या अखेरीस मोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दासगावातच क्रॉफर्ड नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाणवठ्यावर हक्क बजावला होता. महाडची पूर्वतयारी या बंदरगावी झाली होती, ही बाब बहुतेक लेखनात तळटीपेच्या पुढे जात नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट डिसेंबरच्या प्रवासाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी २४ डिसेंबर रोजी ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले आणि हरिहरेश्वरमार्गे २५ तारखेस दुपारी दासगाव बंदरात उतरले. धरमतरपर्यंत बोट व तेथून मोटार, असा दुसरा मार्ग उपलब्ध होता. तो टाळण्यामागे स्पष्ट हिशेब होता. मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर धरमतरहून महाड गाठणे अशक्य झाले असते. दासगावहून मात्र पाच मैल पायी जाता येत होते. जिल्हा पोलीस प्रमुखही जिल्हाधिकाऱ्यांचे पत्र घेऊन भेटले ते याच बंदरावर. उतरलेले लोक मिरवणुकीने महाडकडे चालू लागले.

चळवळीच्या इतिहासात हा प्रसंग बहुधा एका वाक्यात उरकला जातो. वस्तुतः बंदराच्या इतिहासातील तो मध्यवर्ती प्रसंग आहे. व्यापाराच्या दृष्टीने उतरणीला लागलेले बंदर त्या दिवशी सर्वाधिक उपयोगाचे ठरले. ज्या मोटार-रस्त्याने नदीबंदरांचा व्यवसाय ओढून नेला, त्याच रस्त्यावर प्रवाशास नाकारण्याची शक्यता होती. त्यामुळे ‘जुना जलमार्ग गेला, नवा रस्ता आला, प्रगती झाली’ हे सरळ सूत्र येथे टिकत नाही. वाहन कोणाच्या मालकीचे आणि ते कोणास नाकारता येते, यावर प्रगतीचा अर्थ अवलंबून असतो. १९४८ मध्ये राज्य परिवहनाची सेवा सुरू झाली, तिचा सामाजिक अर्थही या संदर्भात तपासण्यासारखा आहे.

मर्यादांचा विचार

वरील विवेचनावरून वसाहतकालीन बंदराचे गौरवीकरण करणे योग्य ठरणार नाही. बंदर उभे राहिले ते माल बाहेर नेण्यासाठी; मुक्तीचा मार्ग खुला करण्यासाठी नव्हे. ज्यांनी पलटणीत भरती केली त्यांनीच ती बंदही केली. ज्या शासनाने शाळा काढली, त्याच शासनाच्या राज्यात तळ्यावरील हक्काचा निर्णय उच्च न्यायालयातून मिळण्यास १९३७ साल उजाडले. बंदराला अर्थ दिला तो त्याचा वापर करणाऱ्या माणसांनी. स्थानिक इतिहासातील ‘गतवैभव’ हा शब्द म्हणूनच सावधपणे वापरला पाहिजे. वैभव कोणाचे होते, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दास अर्थ प्राप्त होत नाही.

समारोप

जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव व परिसरातील गावांवर दरडी कोसळल्या आणि मोठी जीवितहानी झाली. अशा आपत्तीत माणसांबरोबर घरातील कागद, छायाचित्रे आणि आठवणीही जातात. बंदराचा धक्का गाळाने बुजतो, तेव्हा त्याचा इतिहास निदान गॅझेटियरात उरतो; परंतु पाच मैल चाललेल्या माणसांचा इतिहास सांगणाऱ्यांबरोबरच संपतो. महाविद्यालयीन इतिहास व मराठी विभागांनी आपापल्या परिसरातील लुप्त बंदरे, पेठा व नाकी यांचा अभ्यास करताना व्यापाराच्या नोंदींइतकेच आत्मकथने व मौखिक साधने यांना प्रमाण मानले पाहिजे. दासगावपुरते बोलायचे तर, त्याचा इतिहास महाडच्या इतिहासाची प्रस्तावना म्हणून न लिहिता, महाडला पोहोचण्याचा अडविता न आलेला मार्ग म्हणून लिहिला जाणे आवश्यक आहे.